खजुराबरोबर तीळ आणि जवसही हवेत

ईद झाली की बहुतेक घरांत डब्याच्या तळाशी थोडा खजूर उरतो. शीरखुर्म्यासाठी आणलेले चार-दोन बदाम आणि मूठभर चारोळीही पडून असते. यातून मुलांच्या डब्यासाठी छोटे लाडू सहज होतात. ओव्हन लागत नाही, पाक करावा लागत नाही. तवा आणि मिक्सर पुरे.

पण सुकामेवा म्हटला की आपण लगेच काजू, पिस्ते, अंजिराच्या भावाकडे पाहतो आणि बेत सोडून देतो. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तरी असे करू नये. तीळ, शेंगदाणे आणि जवस आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळतात; जवसाची चटणी तर विदर्भाच्या ताटातलीच. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालले. त्याचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. गावात पिकते ते गावातच वापरावे, घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ खावा, हा त्यांचा आग्रह. महाग मेव्याआधी आपल्या मातीतला दाणा पाहावा, ही या शहराची जुनीच शिकवण आहे.

आता साहित्य. बिया काढलेला मऊ खजूर पाव किलो, शेंगदाणे 100 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, जवस 30 ग्रॅम, चार वेलदोडे. बदाम असतील तर घाला, नसतील तर अडत नाही. खजूर वाळला असेल तर चाळणीत ठेवून पाच मिनिटे वाफ द्या. शेंगदाणे मंद आचेवर भाजून साले काढा. तीळ आणि जवस वेगवेगळे, तडतडेपर्यंतच भाजा. जवस करपला की सगळा घाणा कडू होतो. गार झाल्यावर दाणे जाडसर फिरवा. मिक्सर थांबत-थांबत चालवा, नाहीतर शेंगदाण्याला तेल सुटते. जवसाची मात्र बारीक पूड करा, कारण अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर जातो. शेवटी खजूर कुटून सगळे एकत्र मळा आणि छोट्या लिंबाएवढे लाडू वळा. बावीस-तेवीस होतात.

खजुराऐवजी नुसती खारकेची पूड घेऊ नका. लाडू वळत नाहीत आणि जोर लावून वळलेच, तर गिरडच्या टेकडीवरच्या गोट्यांशी स्पर्धा करतात! (व्यापाऱ्याचा माल बाबा फरीद यांच्या शब्दाने दगड झाला, अशी तिथली आख्यायिका.)

आता थोडे स्पष्ट बोलू. ‘खजूर खा, रक्त वाढेल’ असे मुलींना घरोघरी सांगितले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणून ही समजूत तपासलीच पाहिजे. खजुरात लोह आहे, पण थोडे. तिळात त्याच्या कितीतरी पट आहे. तरीही अशा दोन लाडवांतून जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम लोह मिळते आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅमची आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि शाळेत मिळणारी निळी गोळी लाडवाच्या भरवशावर बंद करू नये. लाडवासोबत चहाही नको. चहामुळे लोह कमी शोषले जाते. चहा तासाभराने घ्या. लाडवाबरोबर लिंबू सरबत किंवा आवळा चालेल.

वरून साखर घातली नाही म्हणून लाडू कितीही खावेत असेही नाही. खजुराची गोडी ही साखरच आहे. एका लाडवात साधारण 75 ते 80 कॅलरी असतात, दिवसाला दोन पुरेत. घरात मधुमेही असतील तर एक लाडू, तोही डॉक्टरांना विचारून. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी सगळेच बारीक वाटा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले मूल वर्गात असेल तर डबा देण्यापूर्वी शिक्षकांना सांगा.

थंडीत हे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात. मे महिन्यात, आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा, फ्रिजमध्येच ठेवा. जवसाला उष्णतेने लवकर खवट वास येतो. तसा वास आला की लाडू मुलांना देऊ नका, टाकून द्या.