तीनशेचा आकडा उलगडणारे सर्किट

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी, साखरीनाट्याच्या बंदरावर, कुणी तीनशे रुपयांची मासळी घेतो आणि यूपीआयने पैसे देतो. मासळी पिशवीत पडेपर्यंत तो आकडा दोन्हीकडच्या बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्या संगणकांमधून फिरून आलेला असतो. संगणकाच्या मेमरीत एका व्यवहाराची माहिती इथेतिथे विखुरलेली असते. ती पाठवायची तर सलग बाइटांच्या माळेत ओवावी लागते आणि पलीकडे पुन्हा सुटी करावी लागते. हेच सीरियलायझेशन. ही खटपट प्रत्येक टप्प्यावर नव्याने होते.

यूपीआयचे संदेश एक्सएमएलमध्ये, म्हणजे अक्षरांत लिहिलेले असतात. ‘300.00’ला सहा बाइट लागतात, शिवाय रकान्याचे नाव वेगळे. गूगलने 2008 साली खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्स पद्धतीत 300 हा पूर्णांक दोनच बाइटांत बसतो. प्रत्येक बाइटातले सात बिट संख्येचे, आठवा बिट फक्त ‘अजून पुढे आहे’ किंवा ‘संपले’ एवढे सांगतो. जागा वाचते, पण प्रोसेसरचे काम वाढते. एक बाइट उचलायचा, आठवा बिट तपासायचा, उरलेले सात जोडायचे. आणि एक संख्या संपल्याखेरीज पुढची कुठे सुरू होते तेच कळत नाही.

या कामाची किंमत केवढी? 2021 साली सागर करंदीकर आणि बर्कली विद्यापीठ व गूगलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की गूगलच्या साऱ्या सर्व्हरांचा 9.6 टक्के प्रोसेसर-वेळ प्रोटोकॉल बफर्सच्या कामांत जातो. एवढा वेळ निव्वळ संदेश हाताळण्यात!

त्यांनी केवळ याच कामासाठी सर्किट रचले. संख्येचे सगळे बाइट ते एकदम पाहते आणि एका फटक्यात उलगडते. त्याची जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. असे यंत्र वेगळ्या कार्डावर बसवावे, असे सहज सुचते. पण गूगलच्या निम्म्याहून अधिक संदेशांचा आकार 32 बाइटांपेक्षा मोठा नव्हता. इतक्या चिमुकल्या संदेशासाठी कार्डापर्यंतची ये-जाच महाग पडते. म्हणून सर्किट थेट रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावरच्या प्रोसेसरच्या गाभ्याला जोडले. सर्किट नसलेल्या त्याच प्रोसेसरच्या तुलनेत वेग सरासरी 6.2 ते 11.2 पट वाढला, झिऑन प्रोसेसरच्या नेहमीच्या सर्व्हरच्या तुलनेत 3.8 पट. सर्किटाचे हे आकडे एफपीजीएवरच्या, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवरच्या, चाचणीतले आहेत, बाजारात मिळणाऱ्या चिपचे नव्हेत.

मर्यादाही उघड आहे: हे सर्किट यूपीआयच्या एक्सएमएलला उपयोगी नाही. त्यासाठी वेगळी रचना लागेल, आणि ती आपल्याकडे व्हावी. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच बेतलेले आहेत. बर्कलीच्या सर्किटाचा आराखडाही खुला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तो जरूर उघडून पाहा.