होडी वल्हवून समुद्राला काय मिळतं?

दर डिसेंबरात कॅनरी बेटांमधल्या ला गोमेराहून वल्ह्यांच्या होड्या अटलांटिकमध्ये सुटतात. ‘वर्ल्ड्स टफेस्ट रो’ या शर्यतीचे फोटो एव्हाना तुमच्याही मोबाइलवर येऊन गेले असतील. सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर, शीड नाही, इंजिन नाही. दोन तास वल्हवायचं, दोन तास पडायचं, असं रात्रंदिवस, थेट कॅरिबियनमधलं अँटिग्वा बेट येईपर्यंत. वीस फुटी लाटा आणि बसून बसून होणाऱ्या जखमा यांची वर्णनंही वाचून झाली असतील. जवळपास प्रत्येक होडी कुठल्या ना कुठल्या कामासाठी देणगी मागत असते. २०२५ मध्ये मूळच्या बंगळुरूच्या अनन्या प्रसादने एकटीने ५२ दिवसांत हा पल्ला गाठला, तेव्हा तिने मानसिक आरोग्यासाठी आणि अनाथ मुलांसाठी पैसे उभे केले. काही होड्या मात्र ज्या पाण्यावरून जातात, त्याच पाण्यासाठी पैसे मागतात. माझी शंका तिथेच सुरू होते. चौघांच्या हाताला फोड आले म्हणून प्रवाळाचं काय भलं होणार?

शंका कुत्सित वाटेल, पण तिच्यावर संशोधन झालेलं आहे. क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या दोघांनी २०१३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. देणगी गोळा करणाऱ्या कार्यक्रमात कष्ट आणि वेदना असतील तर लोक जास्त पैसे द्यायला तयार होतात, असं त्यांना दिसलं. आरामात सहलीला जाऊन पैसे देण्यापेक्षा पाच मैल धावून पैसे देणं लोकांना मोलाचं वाटतं. लोटांगण घालत देवळाला प्रदक्षिणा करणारा माणूस पाहिलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पण निबंधातला खरा मुद्दा पुढे आहे. हा परिणाम प्रत्येक कामाला सारखा लागू पडत नाही. दुष्काळात उपाशी राहिलेल्यांसाठी पैसे हवे असतील तर लोकांना कष्टाचा कार्यक्रम पटतो. सार्वजनिक बागेसाठी हवे असतील तर मात्र त्यांना सहलच बरी वाटते.

मग समुद्र कशात धरायचा, भुकेत की बागेत? समुद्रासाठी निघालेल्या प्रत्येक होडीची अडचण हीच आहे. काठावर राहणाऱ्या बहुतेकांच्या लेखी समुद्र म्हणजे संध्याकाळी फिरायची जागा. तो मेला तरी वरून निळाच दिसतो.

याला सगळ्यात ठाम उत्तर दिलं ते चार बायकांनी. डिसेंबर २०२३ मध्ये ‘सॉल्टी सायन्स’ नावाची चमू ला गोमेराहून निघाली. चौघीही समुद्री जीवशास्त्रज्ञ. इसाबेल कोते या कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या प्राध्यापक. शँताल बेझँ या त्यांच्या विद्यार्थिनी, पुढे फ्लोरिडात प्राध्यापक झालेल्या. नोएल हेल्डर आणि लॉरेन शे या बेझँच्या विद्यार्थिनी. म्हणजे गुरू, शिष्या आणि नातशिष्या एकाच होडीत, आळीपाळीने एकाच वल्ह्यावर. ३९ दिवसही पुरे व्हायच्या आत त्या अँटिग्वाला पोचल्या आणि महिलांच्या गटात पहिल्या आल्या.

मला यातल्या कोतेबाईंचं विशेष अप्रूप आहे. ज्या समुद्राच्या दिशेने त्या वल्हवत होत्या, त्याचा ताळेबंद मांडणाऱ्यांपैकी त्या एक. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कॅरिबियनभरच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या. जिवंत प्रवाळाने झाकलेला तळ तीन दशकांत सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला होता. पुढे त्या लायनफिशच्या मागे लागल्या. हा देखणा, विषारी काट्यांचा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागराकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा. तो अटलांटिकमध्ये दिसू लागला १९८० च्या दशकात, बहुधा शौकिनांच्या काचेच्या टाक्यांतून सुटून. तिथल्या लहान माशांना हा शत्रू ओळखूच येत नाही. बहामात कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या खडकांवर, लायनफिश ज्यांना खातो त्या माशांचं एकूण वजन अवघ्या दोन वर्षांत ६५ टक्क्यांनी घटलं. इतकं मोजून झालेली बाई साठीच्या घरात वल्हं हातात घेते, तेव्हा आकडे मांडून फारसं काही हललं नाही याचीच ती कबुली असावी, असं मला वाटतं.

या चौघींनी पैसे कशासाठी मागितले, तेही पाहण्यासारखं आहे. व्हँकुव्हर बेटावरचं बॅमफील्ड हे समुद्रविज्ञान केंद्र, कॅरिबियनमध्ये काम करणारी शेलबॅक एक्स्पिडिशन्स, आणि समुद्री शेवाळ व शिंपल्यांची शेती शिकवणारी ग्रीनवेव्ह. प्रशिक्षण, पाहण्या, शेती. पोस्टरवर लावावा असा देवमासा यात कुठेच नाही.

दुसरा मार्ग ब्रिटनमधल्या ‘जीबी रो चॅलेंज’ने काढला. ब्रिटनला पूर्ण वळसा घालणारी ही सुमारे २,००० मैलांची शर्यत. २०२२ पासून पोर्ट्समथ विद्यापीठाच्या मदतीने तिथल्या होड्याच उपकरणं वाहू लागल्या. पाण्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण, तापमान, क्षारता, पाण्यात उरलेला जीवांचा डीएनए आणि पाण्याखालचे आवाज, सगळ्याची नोंद होते. आवाजासाठी तर वल्ह्यांची होडी उत्तमच, कारण तिला स्वतःच्या इंजिनाची घरघर नाही. इथे कष्टाचा आणि कामाचा थेट संबंध आहे, म्हणून हा प्रकार मला जास्त पटतो.

बाकीच्यांचा हिशेब मात्र मांडावाच लागेल. अटलांटिकवर चौघांची होडी न्यायची तर खर्च सहज एक लाख पौंडांच्या घरात जातो. होडी कंटेनरमधून आधी ला गोमेराला पोचवायची, नंतर अँटिग्वाहून परत आणायची, नातेवाइकांची विमानं वेगळीच. संस्थेच्या पदरात पडलेली रक्कम या खर्चापेक्षा कमी असेल, तर ती हौस आहे. हौसेला माझी हरकत नाही, फक्त तिला संवर्धन म्हणू नये.

आपल्या किनाऱ्यावर समुद्र बागेत धरायची चैन मच्छीमाराला परवडत नाही. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला की तो सोडवायला जाळं कापावं लागतं आणि नुकसान नाखव्याचं होतं. २०१८ पासून महाराष्ट्र सरकार अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष मिळून ही योजना चालवतात. यात ना शर्यत, ना पदक. सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ, अर्ज आणि बँक खातं, एवढंच. माझ्या मते समुद्र वाचवण्याचं बरंचसं काम असंच दिसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा वल्हेकऱ्याची देणगीची लिंक आली, तर लाटा किती फुटी होत्या ते विचारू नका. पैसे कुठल्या विद्यार्थ्याच्या फीला, कुठल्या पाहणीला, कुणाच्या जाळ्याला जाणार ते विचारा. उत्तर कंटाळवाणं असेल तर बिनधास्त पैसे द्या.