कठीण लाकडाची आयात : भारत आणि चीन

बांधावर किंवा शेतात साग लावलेल्या शेतकरी बंधूंना वखारीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "परदेशी माल आला आहे, भाव उतरला." हा माल कोठून व का येतो, हे भारत आणि चीन या दोन मोठ्या ग्राहकांची तुलना केल्यास चांगले समजते.

व्यापारात कठीण लाकूड म्हणजे रुंद पानांच्या झाडांचे लाकूड. सावर हाताला मऊ लागते, तरी ती याच गटात मोजतात. चीड व देवदार मऊ लाकडात जातात. चीन रशियाकडून चिडीसारखे लाकूड प्रचंड घेतो. ते वगळल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

दोन्ही देशांत आयात वाढण्याचे एक मोठे कारण घरच्या जंगलातच आहे. आपल्याकडे १९८८ च्या वनधोरणाने जंगलातील तोडीवर मर्यादा आणली. पुढे १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबवली. चीनमध्ये १९९८ साली यांगत्से नदीला महापूर आला. त्यानंतर तेथे तोडबंदी झाली आणि १९९९ पासून ओंडके व फळ्या या दोहोंवरील आयातशुल्क उठवण्यात आले.

येथून वाटा वेगळ्या झाल्या. आपण ओंडक्यांवर शुल्क कमी व चिरलेल्या लाकडावर जास्त ठेवले. त्यामुळे ओंडके कांडला बंदरात उतरतात आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात. चीनने मात्र फर्निचरच्या कारखान्यांसाठी तयार फळ्यांची आयात वाढवत नेली. थायलंडने १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातील तोड बंद केली. तेथील शेतकरी चीक आटलेली रबराची झाडे विकतात आणि त्यांच्या फळ्या मुख्यतः चीनलाच जातात. चीक संपलेल्या झाडालाही खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, ही बाब आपण लक्षात घेण्यासारखी आहे.

आकडे वाचताना मात्र सावध राहावे. ओंडका चिरल्यावर साधारण निम्म्याच फळ्या निघतात. म्हणून भारताचे ओंडक्यांचे घनमीटर आणि चीनचे फळ्यांचे घनमीटर शेजारी मांडून चालत नाही. मापाचाही फरक पडतो. सागाच्या व्यवहारात घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणतात. ४ फूट घेर व १० फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. आपला साग विकताना कोणत्या मापाने दर ठरला, हे आधी विचारून घ्यावे.

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेथील जुन्या, जाड सागाऐवजी इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका अशा देशांतील लागवडीचा साग आपल्याकडे अधिक येऊ लागला. तो कमी वयाचा, कमी घेराचा असतो आणि त्यात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त निघते. आपल्या शेतातील दाट लावलेला, विरळणी न केलेला सागही नेमका असाच असतो. तेव्हा त्याची स्पर्धा या मालाशी थेट होते. घेर मोठा व गाभा भरलेला असेल तर तशी होत नाही. यासाठी वाकडी व दबलेली झाडे वेळीच काढावीत आणि राखलेल्या झाडांच्या फांद्या कोवळ्या असतानाच छाटाव्यात.