भायखळ्याचे कैदी आणि उंडेऱ्याची कुटुंबे

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत स्पर्धापरीक्षांचे जे शिकवणीवर्ग भरतात, त्यांतील उमेदवारांना प्रयोगाचा चार ओळींचा वृत्तान्त देऊन ‘पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, हा निष्कर्ष सर्वाधिक दुर्बल करील?’ असे विचारणारा प्रश्न विशेष छळतो. आणि तो समजावून देण्यास याच शहराच्या दप्तरातील एका जुन्या प्रयोगाइतके उत्तम साधन मला दुसरे दिसत नाही.

१८९७ च्या जानेवारीत, ग्रंथिक सन्निपाताने मुंबई ओस पडू लागली असता, वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांचे धैर्य वादातीत खरे, परंतु त्यावरून लस शरीरास सोसते एवढेच ठरले. महिनाअखेर साथ भायखळ्याच्या तुरुंगात शिरली, तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांना लस देण्यात आली. त्यांच्यापैकी पुढे दोघे आजारी पडले व दगावले कोणीच नाही, तर न टोचलेल्यांत १२ आजारी पडून ६ मृत्यू पावले.

यावरून ‘लस प्लेगपासून वाचविते’ असा निष्कर्ष काढला, तर तो दुर्बल करणारे विधान म्हणून ‘कैदी सामान्य नागरिकांसारखे नसतात’ हा पर्याय पुष्कळांना मोहवितो. पण दोन्ही गट कैद्यांचेच असल्याने तो तुलनेला धक्का लावीत नाही, फार तर निष्कर्षाची हद्द आखून देतो. खरा घाव घालणारे विधान निराळे: ‘राजी झालेले कैदी मुळातच अधिक धडधाकट होते.’ ते तसे होते काय, हा वाद येथे गैरलागू आहे, कारण ‘खरे मानल्यास’ ही प्रश्नाची शर्तच आहे. आणि ती विसरणाऱ्यांत हुशार उमेदवारच फार!

ही फट हाफकिन यांच्याच पुढल्या प्रयोगाने बरीचशी बुजली. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंडेरा गावी कुटुंबागणिक सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या माणसांत एवढी तफावत पडावी, याचे श्रेय लसीखेरीज अन्य कशास देणे कठीण आहे. तरीही कुटुंबातील कोणाला टोचावे हे माणसांनीच ठरविले होते. ही निवड दैवावर सोपविण्याची पद्धत वैद्यकात रूढ झाली ती ब्रिटनमधील क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानंतर. तेवढी उणीव जमेस धरूनही, भायखळ्याच्या पुराव्याहून उंडेऱ्याचा पुरावा निःसंशय अधिक बळकट आहे.