उपासनेतला ठेका

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूर आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे झपाट्यानं वाढलेल्या या भागात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबंही राहतात. चेन्नईत चर्चच्या संगीताचे किती तरी थर आहेत. चार आवाजांत बांधलेली जुनी इंग्रजी स्तोत्रं, कर्नाटक रागांतली तमिळ कीर्तनं आणि गिटार, कीबोर्ड, ड्रमसेटच्या साथीनं म्हटली जाणारी नवी गाणी, सगळं एकाच शहरात नांदतं. या नव्या गाण्यांबद्दलची तक्रार ठरलेली असते: देवाच्या दारात हा दणदणाट कशाला? तक्रार करणाऱ्यांचा कळवळा खरा आहे, पण त्यांचा रोख चुकतो, असं मला वाटतं. ठेका कुठून आला यावरून उपासनेचं संगीत जोखता येत नाही. जमलेली माणसं ते स्वतः गाऊ शकतात का, हे आधी बघावं लागतं.

लोकांचं संगीत उपासनेत आणण्याचा एक धागा थेट तंजावरच्या मराठी दरबारापर्यंत जातो. सरफोजीराजे आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकले. शास्त्रींनी १८००च्या सुमारास ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ लोकांचा गाता-नाचता नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती येते, हात बघते आणि भविष्य सांगते. शास्त्रींनी ख्रिस्तजन्माची कथा या भटक्या बाईच्या खेळात आणून बसवली. नाथांच्या भारुडात वासुदेव आणि जोशी अध्यात्म सांगतात, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. सरफोजीराजांनीही हाच साचा उचलला आणि ‘देवेंद्र कुरवंजी’त मराठीतून चक्क जगाचा भूगोल सांगितला. पाश्चात्य वाद्यांचा बँड बाळगणाऱ्या राजाला रस्त्यावरचा खेळ विद्येसाठी हलका वाटला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे मात्र तमिळ चर्चमध्ये प्रतिष्ठा मिळाली ती रागदारीतल्या कीर्तनांना आणि इंग्रजी स्तोत्रांना. खेड्यातलं संगीत उंबऱ्याबाहेरच थांबलं, आणि त्याचं कारण संगीताचं नव्हतं. पराई हे एका बाजूनं कातडं ताणलेलं चपटं डफासारखं चर्मवाद्य. ते दोन काठ्यांनी वाजवतात, एक आखूड व जाड, दुसरी लांब व बारीक. मयताच्या पुढे पराई दलितांनी वाजवायची, म्हणून ती अशुभ आणि अपवित्र ठरली. मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवणारे जे. थिओफिलस अप्पावू (१९४० ते २००५) यांनी हे दुखणं नेमकं ओळखलं. लोक त्यांना परट्टै अण्णन म्हणत. १९९०च्या दशकात त्यांनी संपूर्ण उपासनाविधी गावाकडच्या चालींत बांधला. एका हंडीत शिजवून सगळ्यांनी मिळून जेवणं, हे त्यांच्या धर्मविचाराचं केंद्र होतं, आणि चालींची निवड त्याला धरूनच होती. गाणाऱ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे गाणं बदलावं, असाही त्यांचा आग्रह असे. ज्या मंडळीतल्या अनेकांचे पूर्वज पराई वाजवत होते, तिथंच पराई चालणार नसेल, तर पावित्र्याच्या नावाखाली जातच राखली जाते.

लौकिक चाल आली की भक्तीचं गांभीर्य जातं, हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये पुन्हा पुन्हा येणारी वधस्तंभाच्या वेदनेची ती प्रसिद्ध चाल मुळात हान्स लिओ हास्लरच्या १६०१च्या प्रेमगीताची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्ये स्थानिक संगीतपरंपरांना उपासनेत मानाची जागा द्यायला सांगितलं. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेझनं ‘मिसा क्रिओया’ रचली: शब्द स्पॅनिश, वाद्यांत चरांगो आणि बोंबो ढोल, आणि श्रद्धेच्या कबुलीला चाकारेरा या लोकनृत्याचा ठेका. आपल्याकडे अहमदनगरच्या ख्रिस्ती कीर्तनांनी आणि रेव्हरंड टिळकांच्या अभंगांनी हीच वाट त्याआधी किती तरी वर्षं चोखाळली होती. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’मध्ये परदेशी आणि देशी चाली आजही शेजारीशेजारी आहेत.

गिटार-ड्रमच्या नव्या, रॉक वळणाच्या गाण्यांबद्दलचा एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. तो पावित्र्याचा नाही, आवाजाचा आहे. चार आवाजांच्या गायनात आल्टो आणि टेनर या मधल्या ओळींनी स्वरमेळ भरीव होतो. ध्वनिवर्धकातून ड्रम आणि बास गिटार अंगावर आले की आधी या मधल्या ओळी बुडतात. मग शेजारच्याचा सूर ऐकू येईनासा होतो, आणि एकमेकांना ऐकू न येणारी माणसं हळूहळू गप्प बसतात. मंचावरचे चारजण गातात, बाकीचे टाळ्या वाजवतात. हा तोटा मोठा आहे आणि तो झाकून चालणार नाही. पण तो रॉकच्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आघात देणाऱ्या ठेक्याचा दोष नव्हे. आवाज खाली आणला, चाल सामान्य गळ्याच्या टप्प्यात ठेवली आणि मधल्या ओळींना जागा सोडली, तर तोच ठेका समूहाला एकत्र धरून ठेवतो. आपल्या दिंडीत टाळ-मृदंग हेच काम करतात. तिथं वाद्यांचा गजर काही कमी नसतो, पण गाणारे शेकडो असतात.

जमलेल्यांना गाता येतं का, याच कसोटीवर संगीतकार इलयराजांचं ‘तिरुवासकम’ (२००५) तपासण्यासारखं आहे. माणिक्कवाचकरांच्या शैव स्तोत्रांतली सहा पदं, बुडापेस्टचा सिंफनी वाद्यवृंद, समूहगायन आणि मधूनमधून स्टीफन श्वार्ट्झचे इंग्रजी शब्द, असा तो मेळ. हा श्वार्ट्झ म्हणजे १९७१मध्ये ‘गॉडस्पेल’ या रॉक-वळणाच्या संगीतिकेची गाणी रचणारा, आणि त्याच वर्षी बर्नस्टाइनच्या ‘मास’साठी शब्द लिहिणारा. शैव स्तोत्रांचा हा प्रकल्प तडीस नेण्यात एका कॅथलिक धर्मगुरूचा पुढाकार होता, हेही नोंदवण्याजोगं. स्वतः इलयराजा पण्णैपुरमसारख्या खेड्यातून आले आणि थोरल्या भावाच्या गायनमंडळीबरोबर गावोगाव हिंडत घडले. लोकगीताचं अंग आणि पाश्चात्य स्वरमेळ त्यांच्या हातात एकजीव होतात, हे या रचनेत स्पष्ट ऐकू येतं. तरीही ती मुख्यतः ऐकण्याची कलाकृती आहे. एवढा वाद्यवृंद आणि इतकं बारकाईनं लिहिलेलं गायन कोणत्याही गावच्या मंडळीला पेलणारं नाही. पेटी, पराई आणि दोन आवाज एवढ्यावर भागेल अशी त्यातल्या एखाद्या पदाची बांधणी जाणकारानं केली, तर शोळिंगनल्लूरच्या एखाद्या हौशी गायनमंडळालाही ते बसवता येईल.