शेवटच्याला पाणी उरलं पाहिजे

पहाटे साडेपाचला बीडच्या स्टेडियमवर कधी आलायत? नसाल आला, तर या डिसेंबरात एकदा याच. बोलताना तोंडातून वाफ निघते, कानटोपी काढवत नाही आणि त्या अंधारात पोरं-पोरी गोल गोल पळत असतात. कुणाच्या पायात स्पाईक्स, कुणाच्या पायात भावाचे जुने बूट. सगळे भरतीवाले. पोलिस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. घड्याळ लावायचं, जीव तोडून पळायचं, वहीत वेळ लिहायची आणि अंघोळीला घरी जायचं.

मास कॉमचं शिक्षण संपवत आणलंय, इंटर्नशिपसाठी बीडला परत आलेय आणि याच स्टेडियमवर रोज पळते. भरतीसाठी नाही, उगाच. ‘उगाच’ हा शब्द इथं कुणाला पटत नाही. ‘कशाची तयारी करतीस?’ असं हमखास विचारतात. मी म्हणते, ‘एकवीस किलोमीटरची.’ पुढचा प्रश्न ठरलेला : ‘त्याचे किती मार्क?’

हसू येतं, पण प्रश्न खोटा नाही. या शेकडो पोरांचं पळणं एका निकालावर टांगलेलं आहे. भरती झाली की पळणं सुटतं, नाही झाली तरी वय उलटलं की सुटतं. म्हणून मला वाटतं, आपल्या शहरात थंडीतली एक छोटी, पण नीटनेटकी मॅरेथॉन हवी. दरवर्षी, ठरलेल्या रविवारी. मोठी नको. पाचशे माणसं पळतील एवढीच, पण चोख.

आधी नाव नीट घेऊ

आपल्याकडं बॅनर लावला, टी-शर्ट वाटले आणि चौकातून चौकापर्यंत पळालो की झाली मॅरेथॉन. मग ते अंतर तीन किलोमीटर असो की पाच. बॉस, मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर एवढं भरलं आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. अर्धी मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. बाकी सगळ्या दौडी. दौड पळण्यात काही कमीपणा नाही, फक्त तिला दौड म्हणा.

अंतर एवढं काटेकोर कशाला? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी सहा-सहा किलोमीटर पायी आणि पळत शाळेला जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात ड्युटी केली आणि त्यानंतर कुठं खरा ॲथलीट झाला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. हे तुम्हाला पाठ असेल. पण २९ नोव्हेंबर २०२० ची दिल्लीची सकाळ कमी जणांना आठवते. त्या थंडीत अविनाशनं अर्धी मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय.

भरतीवाल्यांनो, हिशेब करून बघा. त्या वेगानं १६०० मीटर ४ मिनिटं ३५ सेकंदांत होतात. आणि हे एकदा नाही, असे तेरा राऊंड न थांबता, वर थोडं अजून. या आकड्याला किंमत आहे ती रस्ता नीट मोजलेला होता म्हणून. तोच रस्ता तीनशे मीटर कमी भरला असता, तर त्या विक्रमाला कुणी विचारलं नसतं.

रस्ता मोजायचा तो सायकलनं

मोजणी गाडीच्या किलोमीटर काट्यावर होत नाही, मोबाईलवरही नाही. त्यासाठी सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटं मोजयंत्र बसवतात. आधी फितीनं मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून चाकाचे आकडे पक्के करतात. मग पूर्ण मार्ग मोजायचा, तोही सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटीमीटर राखून. शेवटी प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे चुकलं तरी अंतर कमी भरत नाही. सायकल, लांब फीत आणि दोन पहाटा, एवढ्यात पाचशे जणांच्या शर्यतीचा मार्ग मोजून होतो.

मार्ग कुठला घ्यायचा? मी स्वप्नात बऱ्याचदा आखलाय. शहरातून निघायचं आणि सोलापूरच्या दिशेला पाच-सहा किलोमीटरवर असलेल्या खजाना विहिरीपाशी वळायचं. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली ही विहीर. दुष्काळातही आटत नाही, असं आजी-आजोबांकडून आपण ऐकत आलोय. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटरची फेरी होते. हायवेची वाहतूक टाळून जायला कुठला रस्ता मिळतो, हे पोलिसांबरोबर बसून ठरवावं लागेल. पण वळायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. कारण शर्यतीत सगळ्यात महत्त्वाचं असतं ते पाणीच.

पाण्याचं गणित

मी आजवर दोन शर्यती पळलेय, दोन्ही दुसऱ्या शहरांतल्या. पहिली दहा किलोमीटरची. सुरुवात साडेसहाची होती, निघालो सव्वासातला. स्टेजवर सत्कार चालले होते. शाल, श्रीफळ, मनोगत. आम्ही खाली अर्ध्या बाहीच्या टी-शर्टात कुडकुडतोय. वॉर्मअप केलेलं अंग पुन्हा गार पडलं. सातव्या किलोमीटरच्या टेबलापाशी पोचले तर रिकामे ग्लास रस्त्यावर आणि जार आडवे. ‘संपलं ताई, पुढं मिळेल.’ पुढंही नव्हतं. पहिल्या शंभर जणांनी ग्लासच्या ग्लास डोक्यावर ओतून घेतले होते, आणि मी पडले मागची.

त्या दिवशी मला टँकरची रांग आठवली. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको. पाणी आलं की धरधाकट पुढं, आणि मागं राहिलेल्या म्हातारीची घागर रिकामी.

दुसरी शर्यत एकवीस किलोमीटरची. लहानशीच, चार-पाचशे माणसं. ठरल्या मिनिटाला शिट्टी वाजली. भाषण बक्षिसाच्या वेळी, तेही पाच मिनिटं. मी शेवटून तिसरी होते. अठराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, चालायला लागले. ऊन वर आलं होतं. वाटलं, टेबल उचलून नेलं असेल. नव्हतं नेलं. एक काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, हातात यादी. माझा नंबर बघून टिक केली आणि म्हणाले, ‘अजून दोघं आहेत मागं. तू पी निवांत.’ मिठाची चिमूट लावलेली संत्र्याची फोड दिली. पदक मिळालं ते घरी कुठंतरी पडलंय. ती फोड मात्र लक्षात आहे.

आता गणित. पाचशे पळणारे, दर अडीच किलोमीटरला टेबल, म्हणजे एकवीस किलोमीटरला आठ टेबलं. प्रत्येकाला प्रत्येक ठिकाणी १५० मिली धरा. झाले ६०० लिटर. सांडलं-ओतलं धरून १००० लिटर घ्या. वीस लिटरचे पन्नास जार. आपण पाच हजार लिटरचे टँकर मोजत मोठे झालेले लोक. त्याचा हा पाचवा हिस्सा. पाणी संपतं ते कमी असतं म्हणून नाही, कुणी यादी घेऊन बसलेलं नसतं म्हणून.

थंडीच का?

पळताना शरीर भट्टीसारखं तापतं आणि घाम वाळला तरच ते निवतं. २०१९ च्या सप्टेंबरात दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उकाड्यामुळं मध्यरात्री ठेवली होती. तरी ६८ जणी निघाल्या आणि ४० जणीच पोचल्या. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉनही उकाड्याच्या धास्तीनं थेट सप्पोरोला हलवली गेली. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीतली पहाट फुकट मिळते. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरात आणि मुंबईची जानेवारीत होते ती उगाच नाही.

पण थंडीत गावात असतं कोण?

इथं मात्र माझं गणित अडतं. शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तालुक्याच्या स्पर्धेत १५०० मीटरला अनवाणी पहिला यायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेला कधी गेला नाही, कारण तोवर दिवाळी झालेली असायची आणि घरचे कारखान्यावर निघालेले. आता त्याचं लग्न झालंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. हे लिहायच्या आधी त्याला फोन केला. फडातच होता. मॅरेथॉनचं सांगितलं तर म्हणला, ‘पळतो की. पण कारखाना बंद झाल्यावरची तारीख काढ.’

कारखाने बंद होतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळा तापलेला असतो. शरीराला मानवणारा मोसम आणि जिल्ह्यातली सगळ्यात तयार पावलं, दोन्ही एकत्र सापडत नाहीत. बीडची शर्यत करायची आणि निम्मं बीड फडात, याला काय अर्थ?

मला सुचलेला मार्ग असा. मुख्य शर्यत थंडीतच ठेवा. पण दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, तालुक्या-तालुक्यात ५ किलोमीटरची साधी चाचणी घ्या. त्यात जे चांगले पळतील, त्यांना शर्यतीसाठी यायचा-जायचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्या. प्रवेश फी माफ. स्टेजचे हार आणि फटाके वाचवले तरी बरेच पैसे निघतील.

आणि बक्षीस म्हणजे फक्त ढाल नको. २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नावाच्या, साठी ओलांडलेल्या मजूर बाई नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते आणि बक्षीस पाच हजारांचं होतं. पुढं त्यांच्यावर मराठी सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण तपासणीच्या पैशांसाठी त्या वयात पळावं लागणं, ही टाळ्यांची गोष्ट नाही. एवढं मात्र कळतं की, छोट्या शहरातल्या शर्यतीचं पाच हजारांचं पाकीट कुणाच्या तरी घरात खूप मोठं असतं. म्हणून ते जाहीर केलेलं, त्याच दिवशी, हातात पडलं पाहिजे.

तुमचं काम काय?

पळायचं असेल तर आजपासून दहा-बारा आठवडे धरा. आठवड्यात तीन-चार दिवस पळा, त्यातला एक दिवस लांबचं. वेग असा की सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. अंतर हळूहळू वाढवा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नकोत आणि कधी न खाल्लेलं काही नको. आधी केळं चालतं. तहान लागली की पाणी प्या, कुणी म्हणतं म्हणून ढोसू नका. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. पहिले दोन किलोमीटर सगळे तुम्हाला मागं टाकतील, टाकू द्या.

पळायचं नसेल तर शिट्टी घेऊन चौकात उभे राहा. मुलींसाठी मार्गावरच्या एखाद्या शाळेचं स्वच्छतागृह उघडून घ्या, हे काम पदकापेक्षा महत्त्वाचं आहे. आम्ही मुली शर्यतीच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो ते कशामुळं, हे आयोजकांना कुणी सांगत नाही. मी सांगितलं. नाहीतर यादी घेऊन शेवटच्या टेबलावर बसा आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत उठू नका.

शर्यत होईल तेव्हा होईल. तोवर स्टेडियम आहेच. मी साडेपाचला असते, निळी कानटोपी. फार हळू पळते, त्यामुळं सोबत यायला काही अवघड नाही.