वीज वाचवणारा माणूस

नागपूरच्या आमच्या कार्यालयातले वायरमनकाका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांची जागा भरलेली नाही. इमारतीचं वातानुकूलन आता एक कंत्राटी कंपनी दुसऱ्या शहरातून चालवते. बाहेर ४५ अंश असताना आतल्या बाजूच्या टेबलांवर बायका शाली पांघरून बसतात. तक्रार केली की फक्त तक्रार क्रमांक मिळतो.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली. आमच्या मजल्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. पोचलं ते लोडशेडिंग. त्या वर्षांत जनरेटरचं डिझेल परवडेना, तेव्हा काकांनी खिडकीकडच्या दिव्यांची लाइन वेगळी काढली. दिवसा ती बंदच असे. उन्हाळ्यात सकाळी लवकर येऊन ते खिडक्या उघडत, ऊन तापायच्या आत लावून घेत. दुपारी पश्चिमेचे पडदे ओढत. होळी झाली की कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागत. हे सगळं कशासाठी, ते प्रत्येकाला समजावून सांगत. हिशेब विभागातल्या बाई दरमहा बिलातले युनिट फळ्यावर लिहीत, आणि आकडा वाढला की मजल्यावर चर्चा होई. शेवटी निघणाऱ्याला दिवे बंद करायला सांगावं लागत नसे.

मग लोडशेडिंग सरलं आणि नवी काचेची इमारत आली. पश्चिमेला अख्खी काच, खिडकी एकही उघडत नाही. आराखड्याच्या बैठकीला काकांना बोलावलंच नाही. तो राग माझ्या मनात आजही आहे. तापमान मोजणारं यंत्र काचेजवळ बसवलं. तिथे ऊन तापतं, म्हणून यंत्रणा आणखी गार हवा सोडते आणि आतले लोक गारठतात.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधनानं दाखवलंय, की बाहेरच्या ऋतूप्रमाणे माणसाची सोसण्याची मर्यादा बदलते. तापमान एका अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून खोलीचे नवे एसी सुरुवातीलाच २४ अंशांवर लावलेले येतात. मध्यवर्ती यंत्रणेला तो नियम नाही. तिथे कळ ज्याच्या हाती, त्याचीच मर्जी चालते.

कंत्राटं काढणाऱ्यांना माझी विनंती आहे: इमारत चालवणारा माणूस इमारतीतच ठेवा, आणि दरमहाचे युनिट तिथे बसणाऱ्यांना दाखवा.